निळ्या दाराच्या जागी गलबत

१

चौकट तीच होती, काच तीच होती, खालच्या कोपऱ्यातला बारीक टवकासुद्धा जागच्या जागी होता. आतलं चित्र मात्र बदललं होतं. परवाच्या लिलावात शंभर माणसांनी पाहिलं, तेव्हा काचेआड दगडी पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या माथ्यावर एक निळं दार. आता तिथं शिडाचं गलबत होतं.

"मिस्त्री, तुम्हाला यातलं कळतं," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. "उघडून बघा, खरं चित्र याच्या मागे कुठं दडलंय का."

मिस्त्री म्हणजे जहाजावरचा सुतार. सव्वीस वर्षं तो या ना त्या जहाजावर अडकलेली दारं आणि करकरणारे पलंग दुरुस्त करत आला होता. प्रवाशांच्या लेखी तो नव्हताच, आणि त्याचं त्याला वाईट वाटत नसे. जो कुणाला दिसत नाही, त्याला पुष्कळ दिसतं.

बाईंनी थोडक्यात हकिकत सांगितली. या सहलीच्या जहाजावर दर तीन दिवसांनी दुपारी चित्रांचा लिलाव होई. नाव नोंदवलं की हातात नंबराची पाटी मिळे, गारेगार सरबत मिळे, आणि वर एक छापील चित्र फुकट, पुठ्ठ्याच्या नळीत घालून. हे गलबत म्हणजे तेच फुकटचं चित्र. अशी दीडशे गलबतं तरी आज जहाजभर प्रवाशांच्या कपाटांत पडलेली असतील. निळं दार घेतलं ते एका निवृत्त घड्याळजींनी. त्याच संध्याकाळी पुडकं त्यांच्या खोलीत पोचलं, काल दिवसभर भिंतीला टेकून राहिलं, आणि आज न्याहारीनंतर त्यांनी कागद सोडला तर आत हे. त्यांची बायको म्हणत होती, जाऊ द्या, गलबतही बरं दिसतंय. घड्याळजी मात्र अडून बसले होते.

"आणि वर हे आलंय." बाईंनी एक कागद पुढे सरकवला. लिलाववाल्याची लेखी तक्रार होती. चित्र एकट्या पॅकिंगवालीच्या हातातून गेलं, तेव्हा बदललं तिनंच. "उद्या सकाळी दहाला बंदर लागतंय. तोवर दुसरं काही निघालं नाही तर मला तिला उतरवावं लागेल. तिच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा मारून."

तो शेरा म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. चोरीचा शेरा असलेल्या माणसाला कुठलंच जहाज पायरीवरसुद्धा उभं करत नाही.

त्यानं चौकट पालथी घातली. मागचा तपकिरी कागद कुणीतरी कापून पुन्हा चिकटपट्टीनं नीट बसवला होता. आतले बारीक खिळे एकेक करून वाकवले होते आणि एकेक करून परत दाबले होते. घाईचं काम नव्हतं. मागे दुसरं चित्र नव्हतं. मग त्यानं गलबताचा कागद बाहेर ओढला आणि उजेडात धरला.

चौकटीत बसावा म्हणून एका बाजूनं दोन बोटं कागद कापला होता. बाकीच्या तीन कडा सुरीसारख्या सरळ होत्या. ही चौथी मात्र उंदरानं कुरतडल्यासारखी, छोट्या छोट्या अर्धगोल घासांची.

२

पॅकिंगवालीला सगळे पुडीताई म्हणत. जहाजावरची कुठलीही वस्तू तिच्या हाती द्या, घटकाभरात तिची कडक पुडी होऊन येई. चाळिशीची बाई, बारा वर्षं समुद्रावर, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द जणू वजन करून द्यायचा आहे.

मिस्त्री तिच्या खोलीत शिरला तेव्हा ती बॅग भरत नव्हती. चिकटपट्टीच्या गुंडाळ्या रंगाप्रमाणे लावत होती.

"उद्या माझ्या जागी येईल तिला सापडायला नको का," ती म्हणाली.

"ताई, तुझी कापायची सुरी बघू."

तिनं टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलाच्या कडेला लोखंडी पट्टी ठोकलेली, पट्टीवर सरकणारं पातं. मिस्त्रीनं एक रद्दी कागद घेऊन पातं ओढलं. कड निघाली ती आरशासारखी. अशी सोय असलेली बाई हातानं कशाला कुरतडत बसेल? पण एवढ्यानं व्यवस्थापकबाईंचं समाधान व्हायचं नाही, हेही त्याला कळत होतं. लिलाववाला म्हणेल, मुद्दामच तसं कापलं.

मग त्यानं तिला परवाचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. लिलाव संपल्यावर घड्याळजी स्वतः तिच्या मागोमाग या खोलीत आले होते. त्यांनी चौकट मागून बघायला मागितली. कागदावर बोट फिरवत काहीतरी शोधलं, आणि स्वतःशीच पुटपुटले, चौकटपण बदलली. ताईला वाटलं, म्हातारा माणूस आहे, बोलत असेल काहीबाही. पुढे म्हणाले, घरी पाठवू नका, हेच्या हेच मला द्या, मी हातात नेणार. यावरून लिलाववाल्याशी त्यांची थोडी बोलाचालीही झाली.

"बोलाचाली कशापायी? विकत घेतलंय, नेतील."

"तसं कुणी नेत नाही," ताई म्हणाली. "इथं टांगलेलं चित्र सहसा इथंच राहतं."

मिस्त्रीनं ते दोनदा मनात घोळवलं. "मग लोकांच्या घरी जातं ते काय?"

पुडीताईनं हातातली गुंडाळी खाली ठेवली आणि दार लावून घेतलं.

३

तिनं सांगितलं ते मिस्त्रीनं स्वतःपाशीच ठेवलं आणि तो लिलावाच्या दालनात गेला. ते जहाजाच्या पोटात होतं. मखमली खुर्च्या, पिवळे दिवे, खिडकी एकही नाही. आत शिरलं की सकाळ आहे की संध्याकाळ, हेसुद्धा कळू नये.

लिलाववाला गोड माणूस. त्याच्या बोलण्यानं लाकडालाही पालवी फुटावी. त्यानं मिस्त्रीला मोठ्या प्रेमानं खुर्ची दिली आणि मोठ्या प्रेमानंच ताईचं वाटोळं करू लागला. बाई गरीब आहे, मोह कुणाला होत नाही, आपल्याला सूड नको, फक्त बंदरावर उतरवा आणि विषय मिटवा. चौकशी वाढवली तर घड्याळजींना उगीच त्रास. त्यांचे पैसे परत करायला आपण या क्षणी तयार आहोत.

"चित्र भारी होतं का?" मिस्त्रीनं विचारलं.

"एकमेव. असं दुसरं जगात नाही."

"तसं तुम्ही लिलावातही म्हणालात?"

"म्हणालो, आणि छातीवर हात ठेवून म्हणालो."

मिस्त्रीला एवढंच नवल वाटलं, की एकमेव चित्र हरवलेला माणूस ते शोधा म्हणत नव्हता, विषय मिटवा म्हणत होता.

निळ्या दारासाठी शेवटपर्यंत पाटी वर धरणारा दुसरा माणूस म्हणजे दातांचा एक डॉक्टर. तो वरच्या मजल्यावर आरामखुर्चीत पहुडला होता. त्याच्यावर संशय यायला जागा होती. बारीक हत्यारं हाताळायची सवय, आणि हरल्याचा राग. त्यानं राग लपवलाही नाही. दवाखान्यात लावायला हवं होतं म्हणाला, पेशंट तोंड उघडून पडले की समोर काहीतरी बघायला हवं. पण पुढे त्यानं जे सांगितलं ते मिस्त्रीच्या मनात रुतून बसलं.

"लिलावात माणसाचा चेहरा दोनच प्रकारचा होतो हो. एक हावरट, नाहीतर एक घाबरलेला. या म्हाताऱ्याचा तिसराच होता. जत्रेत चुकलेलं पोर अचानक समोर दिसलं की आईबापाचा होतो तसा. मी मग पाटी खाली घेतली. तशा माणसाशी काय लढायचं?"

मिस्त्रीनं गलबताच्या कागदाची कुरतडलेली कड त्याला दाखवली. डॉक्टरनं बघितल्याबरोबर सांगितलं, "ही वाकड्या पात्याची कात्री. पण आमच्यातली नाही. ही नखांची."

४

घड्याळजींची खोली टापटिपीची होती. काकू, म्हणजे त्यांची बायको, पलंगाच्या कडेला बसून झग्याच्या बाहीला टाके घालत होत्या. घड्याळजी खिडकीशी होते, समोर रिकामा तपकिरी कागद नीट घडी करून ठेवलेला.

"या मिस्त्री, बसा," काकू म्हणाल्या. "यांना तुम्हीच समजवा. चित्र ते चित्र. गलबतात काय वाईट आहे?"

"गलबत गलबताच्या ठिकाणी ठीक आहे," घड्याळजी म्हणाले. "माझं दार कुठंय?"

मिस्त्रीनं विचारलं, पुडकं परवाच मिळालं, मग उघडायला आजपर्यंत का थांबलात. घड्याळजी म्हणाले, काल आभाळ होतं. मला ते उन्हात बघायचं होतं.

"उन्हात कशाला, काका?"

इतका वेळ मोजून मापून बोलणारा तो माणूस एकदम मोकळा झाला. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला रंगाचं फार कळतं, तो म्हणाला. दिव्याच्या उजेडात ते दार साधं निळं दिसतं. पण सकाळी आठच्या सुमारास ऊन तिरपं आलं की निळ्यात जांभळा चढतो, आणि दाराच्या फटीत कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागतं. ऊन सरकलं की ते माणूस निघून जातं. चहाचा कप संपेपर्यंतचा खेळ असतो तो.

काकूंचा टाका चुकला. त्यांनी तो उसवला, शेजारची छोटी कात्री उचलून दोरा कापला आणि कात्री मांडीखाली सरकवली. इतक्या सहज, की मिस्त्रीची नजर तिथंच नसती तर त्यालाही कळलं नसतं. कात्रीचं पातं वाकडं होतं.

"तुम्हाला फुकटचं गलबत मिळालं असेल ना, नळीतलं?" त्यानं विचारलं.

"फेकून दिलं," काकू म्हणाल्या.

कपाटाचं दार अर्धं उघडं होतं. आत छत्र्यांच्या मागे पुठ्ठ्याची नळी उभी होती, झाकणावर चिकटपट्टी.

मिस्त्री उठला आणि नमस्कार करून बाहेर पडला. चोर कोण, हे त्याला कळलं होतं. पण दुसरी एक गोष्ट त्याला त्याहून जास्त छळत होती. ज्या दालनात खिडकी नाही तिथं, पिवळ्या दिव्याखाली, पाच मिनिटं पाहिलेलं चित्र. त्यानंतर ते कागदात बांधलेलं. मग या माणसानं ते सकाळच्या उन्हात पाहिलं कधी?

५

दुपारच्या जेवणानंतर घड्याळजी डुलकी घ्यायचे. तेवढ्यात काकू बाहेर डेकवर येऊन कठड्याशी उभ्या राहिल्या. मिस्त्री कठड्याचा सैल स्क्रू आवळायला आल्यासारखा शेजारी बसला.

"काकू," तो स्क्रूकडे बघतच म्हणाला, "पॅकिंगवाली बाई उद्या नोकरीवरून जातेय. चोरीचा शेरा घेऊन."

काकूंनी कठडा घट्ट धरला. त्यांना हे माहीतच नव्हतं. लिलाववाल्यानं सांगितलं होतं, कंपनी बघून घेईल, पैसे परत मिळतील. त्यांनी पुढे काही विचारलं नव्हतं.

"मी केलं ते," त्या म्हणाल्या. कसलेही आढेवेढे घेतले नाहीत. "चला, कुणाला सांगायचं त्याला सांगते. फक्त यांच्यासमोर नको."

मग सगळं बाहेर आलं. ते निळं दार त्यांच्या घरी होतंच. गेल्या वर्षी अशाच दुसऱ्या एका जहाजावर घेतलेलं, महिन्याभरानं टपालानं घरी आलेलं. जेवणाच्या टेबलासमोर, पूर्वेच्या खिडकीच्या उजेडात लावलेलं. वर्षभर रोज सकाळी घड्याळजी त्याच्यासमोर चहा प्यायले. आणि परवा तेच चित्र समोर येताच त्यांनी पाटी वर केली ती खाली आणलीच नाही. काकूंनी बाही ओढली, तरी नाही.

"अलीकडे नळ उघडा ठेवतात. चष्मा कपाळावर आणि घरभर शोध. मी म्हणायची, होतं वयानं. पण परवा माझ्या पायांखालची जमीन सरकली. जे रोज बघतात ते घरी आहे, हेच विसरले. आता हे चित्र घेऊन घरी गेले असते, भिंतीसमोर उभे राहिले असते, एक हातात आणि एक भिंतीवर. त्यांना त्या क्षणी जे कळलं असतं, ते मला बघवलं नसतं. म्हणून काल ते वर फिरायला गेल्यावर बदललं. वाटलं, विसरलेल्या माणसाला दार काय आणि गलबत काय."

स्क्रू आवळून झाला तरी मिस्त्री पेचकस फिरवत राहिला. काकूंचं म्हणणं खरं होतं, पण पुरतं बसत नव्हतं. विसरलेला माणूस गलबत बघून एवढा हटून बसत नाही. विसरलेल्या माणसाला सकाळी आठचं ऊन आठवत नाही. आणि चौकट बदलली, असं तो कशाला म्हणेल?

"काकू, तुम्ही त्यांना विचारलंत का, हे का घेताय म्हणून?"

"विसरलेल्या माणसाला विचारायचं का, तू काय विसरलास ते?"

"विसरलेत कशावरून?" मिस्त्री म्हणाला. "तुमच्या चित्राच्या मागे घरी काही खूण आहे का?"

"आहे. हे प्रत्येक वस्तूच्या मागे तारीख लिहितात. घड्याळजीची खोड." आणि मग काकू त्याच्याकडे वळल्या. "का हो?"

६

चार वाजता मिस्त्रीच्या कामाच्या खोलीत सहा माणसं दाटीवाटीनं जमली. व्यवस्थापकबाईंना स्टूल, काकूंना लाकडाची पेटी, बाकीचे जागा मिळेल तिथं. सरसाचा वास होता. लिलाववाला रुमालानं नाक झाकून दाराशी उभा होता, आणि पुडीताई त्याच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकी लांब.

काकूंनी नळी मांडीवर घेतली होती. यायच्या आधी मिस्त्रीनं त्यांना एवढंच सांगितलं होतं, की माझ्यावर विश्वास ठेवा, आधी एक प्रश्न मला विचारू द्या.

"काका," तो म्हणाला, "परवा तुम्ही घेतलंत ते चित्र कुणाचं?"

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ते राहू द्या."

"काका, या ताईची नोकरी त्यावर अडलीय."

मग घड्याळजी हळू आवाजात म्हणाले, "आमचं."

काकूंनी मान वर केली.

"आमच्या घरचं चित्र आहे ते," घड्याळजी म्हणाले. "गेल्या वर्षी घेतलं तेव्हा त्या लिलाववाल्यानं शपथेवर सांगितलं होतं, असं दुसरं नाही. परवा यांनीही तेच सांगितलं. मग दुसरं नाही म्हटल्यावर ते आमचंच, नाही का? घरी मुलगा एकटा आहे. तो नेहमी म्हणतो, ते दार काढा आणि तिथं टीव्ही लावू. आम्हाला निघून बारा दिवस झाले. मध्ये दोन बंदरं झाली, दोन्हीकडे नवी चित्रं चढली जहाजावर. मला वाटलं, पोरानं विकलं. चौकट बदलून विकलं, मागची तारीख दिसू नये म्हणून. हिला कळलं असतं तर हिनं त्याचं तोंड बघितलं नसतं. म्हणून म्हटलं, गपचूप सोडवून न्यावं आणि जागेवर लावून टाकावं. उन्हात एकदा खात्री करून घ्यायची होती, एवढंच."

काकू उठल्या आणि नळी त्यांच्या हातात दिली.

"मी काढलं ते. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"विसरीन कसा? रोज बघतो."

"मग विचारायचं तरी मला."

"तू विचारलंस?"

मिस्त्रीनं नळीचं झाकण काढलं आणि निळं दार कामाच्या टेबलावर पसरलं. पंचेचाळीस वर्षं एका घरात राहिलेली दोन माणसं, दोघांनी एकमेकांना सांभाळायला म्हणून तोंड मिटलं, आणि त्या दोन मिटलेल्या तोंडांच्या मधे सापडली ती पुडीताई. चोरी अशी झालीच नव्हती. पण खोटं कुणीतरी बोललं होतंच, आणि ते या दोघांपैकी नव्हतं.

"बाई, हे बघा," तो व्यवस्थापकबाईंना म्हणाला. चित्राच्या तळाला, चौकटीतल्या पुठ्ठ्याच्या किनारीखाली झाकली जाणारी जागा होती. तिथं पेन्सिलीनं बारीक आकडे होते. दोनशे चौदा, तिरपी रेघ, तीनशे. "तीनशे प्रती छापल्या, त्यातली ही दोनशे चौदावी. इथं टांगलेली प्रत इथंच राहते, घेणाऱ्याच्या घरी गोदामातून दुसरी जाते. पुढच्या खेपेला तेच चित्र पुन्हा एकमेव होतं. घड्याळजींनी हातात मागितलं म्हणून या लिलाववाल्यांची पंचाईत झाली. आणि चौकशी वाढली असती तर कुणीतरी किनार उचलून बघितलं असतं. म्हणून ताईला घाईघाईनं खाली उतरवायचं होतं."

लिलाववाल्यानं रुमाल खाली घेतला. ही धंद्याची रीत आहे, तो म्हणाला, एकमेव म्हणजे तसं एकमेव नव्हे, लोकांनाही ते कळतं.

"मला नाही कळलं," घड्याळजी म्हणाले. "मी माझ्या मुलाला चोर समजलो."

व्यवस्थापकबाईंनी पुडीताईकडे पाहिलं. "किनार मोठी कापायला तुला कुणी सांगितलं?"

ताई उभी राहिली. बारा वर्षांत तिला इतक्या माणसांनी एकदम बघितलं नसेल. "यांनी. आकडे दिसता कामा नयेत म्हणाले. मला माहीत होतं, बाई. सगळं माहीत होतं. मला वाटायचं, मी फक्त बांधते. बोलणं माझ्याकडे नाही." तिनं बाईंकडे पाहिलं. "तेवढ्यापुरता माझ्या पुस्तकात शेरा मारा हवं तर. पण चोरीचा नको."

बाईंनी लिलाववाल्याचा कागद खिशातून काढला, उभा फाडला, आडवा फाडला आणि मिस्त्रीच्या भुशाच्या डब्यात टाकला.

७

दुसऱ्या दिवशी दहाला बंदर लागलं तेव्हा उतरणाऱ्यांत दोन मोठ्या बॅगा घेऊन एकच कर्मचारी होता. तो जाताना सगळ्यांशी गोड बोलला. दातांच्या डॉक्टरनं त्याला हात केला, पण मिळवला नाही.

घड्याळजींनी बंदरावरून मुलाला फोन लावला. काकू सांगतात त्यावरून, दार भिंतीवर आहे का एवढं विचारायला दहा मिनिटं लागली, आणि आहे असं कळल्यावर पुढे काय बोलावं हे दोघांनाही सुचेना. शेवटी घड्याळजी म्हणाले, टीव्हीचं म्हणत होतास ना, समोरच्या भिंतीला लाव. मुलाला काहीच कळलं नाही, पण त्यानं लगेच हो म्हटलं.

अडचण व्यवस्थापकबाईंची झाली. दुपारच्या लिलावाच्या जाहिराती जहाजभर लागल्या होत्या, सरबत गार करायला ठेवलेलं, आणि लिलाव करणारा बंदरावर. त्या सरळ पॅकिंगच्या खोलीत गेल्या. ताई नाही नाही म्हणत राहिली. मला बोलता येत नाही, मला फक्त बांधता येतं. बाई म्हणाल्या, बोलू नकोस, आहे तेवढं सांग.

तीन वाजता दालन भरलं. मिस्त्री मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. घड्याळजी आणि काकू तिसऱ्या रांगेत होते, आणि काकूंनी पाटी स्वतःच्या हातात ठेवली होती.

पुडीताई मंचावर आली. नेहमीचाच कामाचा कोट, खिशात चिकटपट्टी. तिनं पहिलं चित्र लाकडी घोडीवर उभं केलं: एक लाल छत्री, एक रिकामा बाक. लोकांना ते आवडलं. ती काही बोलायच्या आतच वीस-पंचवीस पाट्या वर गेल्या.

ताईनं चौकट सोडवली, सगळ्यांसमोर पुठ्ठ्याची किनार उचलली आणि आकडे वाचले.

"याच्या चारशे प्रती आहेत," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "ही तीनशे बारावी. चित्र चांगलं आहे. पण कुणाच्या घरी हे आधीपासून असेल, तर त्यांनी पाटी खाली घ्या."

दालनात जरा हसू पसरलं, मग ते थांबलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. दुसऱ्या रांगेतली एक पाटी खाली गेली. मग शेवटच्या रांगेतली. मग डावीकडून दोन.

ताई तिथंच उभी राहिली आणि अजून कुणी आहे का, याची वाट बघू लागली.